चारशे सतराचं पुढचं चाक

५ मार्च
आज तिसऱ्यांदा! मालगाडीतला चारशे सतरा नंबरचा डबा, पुढचं चाक. ऑफिसात माझ्या पडद्यावर सेन्सर ओरडला — बेअरिंग तापलंय. गाडी थांबवायला लावली. तपासनीसाने हात लावला तर गार! साहेब म्हणाले, "लांडगा आला रे आला किती दिवस करणार, बाई?" सगळे हसले. मीही हसले.

६ मार्च
साहेबांनी बजावलं — पुन्हा उगाच गाडी थांबवलीत तर खुर्ची जाईल. त्या डब्याचा भोंगा बंद करायला लावला.
भोंगा बंद. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढतोच आहे.

७ मार्च
उद्या त्याच गाडीवर ड्रायव्हर — हे! मागे पेट्रोलचे डबे. बेअरिंग जळालं तर चाक निखळेल, मग काय उरेल? हे आपले चहा पीत कुरकुरतायत — "बंदरात वैताग असतो. इंजिन काढायचं, शेपटीला जोडायचं, तेव्हा कुठे परत फिरायचं."
"उद्या रजा घ्या ना."
"का? तुझ्या पडद्याला स्वप्न पडलं?"
शेवटी खोटंच सांगितलं, छातीत दुखतंय. ह्यांनी लगेच रजा टाकली. माझ्या उशाशी बसून राहिले. गाडी थांबवायची हिंमत नाही, म्हणून नवरा थांबवला.

८ मार्च, सकाळ
शेजारच्या वहिनी जेवण घेऊन आल्या; त्यांचे मिस्टरही ड्रायव्हरच. "आज चूल पेटवायची नाही हं! छातीचं दुखणं म्हणजे खेळ नव्हे."
"भाऊजी कुठेत?" मी विचारलं.
"तुमच्या ह्यांच्या जागी गेले की!"
माझ्या दारातलं संकट मी त्यांच्या दारात ढकललं!

दुपार
धावत ऑफिस गाठलं. आकडा लाल. साहेबांना न विचारता गाडी थांबवली. भाऊजी फोनवर — "वहिनी, पुढचं चाक गार आहे."
आणि एकदम ह्यांचं ते शेपटीला इंजिन जोडणं आठवलं! सेन्सर बसवला तेव्हा पुढे होतं ते टोक, बंदरातून परतताना मागे जातं. आम्ही दर वेळी भलत्याच चाकाला हात लावत होतो.
"मागचं बघा!" किंचाळलेच.
धूर येत होता. भाऊजींचा तळहात भाजला. डबा तिथेच काढून ठेवला. खुर्चीचं काय ते उद्या कळेल.

रात्री
वहिनी आल्या. माझे हात कपाळाला लावले. "छातीत एवढं दुखत असताना धावलात हो, आमच्यासाठी!"
हे दारात उभे होते. माझ्याकडे बघत.