आई, तू जागीच होतीस

आई गं,

काल माझा रक्ताचा रिपोर्ट आला. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

गेल्या महिन्यात इथेच, चिखलीत, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते संपल्यावर मला जाग आली. "चला, पुढचा पेशंट कुठाय?" असं कुणी विचारलेलं ऐकू आलं. डोळे उघडायला गेले, उघडेनात. बोट हलेना. श्वास मशीन ढकलत होतं. मी आत होते आणि बाहेर यायला दारच नव्हतं! किती ओरडले मी आई, पण आवाज कुठे फुटतोय?

तिथेच तू आठवलीस. गावाकडं तुझं पिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरी येऊन म्हणालीस, "समदं ऐकू येत हुतं गं. हात हलंना, तोंड उघडंना. जित्तेपणी पुरल्यावानी वाटलं." बाबा हसले. म्हणाले, "भुलीतला भास असंल." पुन्हा तू तो विषयच काढला नाहीस. का गं गप्प बसलीस?

मग पित्ताचे खडे झाले. चाकणच्या कंपनीत सुट्टी टाकून मी गावी तुला समजवायला आले. तुझं एकच, "मरंन, पर त्या टेबलावर जानार न्हाई." सगळ्यांनी तुला हट्टी ठरवलं. आणि त्या खड्यांनीच तू खरंच गेलीस.

मला भूल देणाऱ्या मॅडमना माझी नाडी धावताना दिसली. त्या कानाशी वाकल्या. "संगीताताई, जाग्या असाल तर घाबरू नका. औषध अजून उतरलं नाहीये. मी तुम्हाला पुन्हा झोपवते." संध्याकाळी उठले तेव्हा हात हलत होता.

दुसऱ्या दिवशी त्या पलंगाशी बसल्या. "घशात नळी घालताना आम्ही स्नायू सैल करायचं औषध देतो. रक्तातलं एक एन्झाइम त्याचा एकेक कण पकडतं, तोडतं, सोडतं, की लगेच पुढचा. स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून जरासं असलं तरी पुरतं. काही मिनिटांत माणूस हलायला लागतो. तुमच्या एन्झाइमची घडण वेगळी असावी. औषध त्यात नीट बसत नाही, मग उतरायला तास लागतात. रक्त तपासू. हे घराण्यातून येतं. आई-वडील नात्यातले का?"

"आई बाबांच्या मामाची मुलगी."

मग तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या जाग्याच असणार, ताई. हे औषध टाळूनही भूल देता येते."

एवढंच होतं गं! एवढंच!

अजून कंपनीच्या बसचं दार लागलं की माझी छाती दाबून येते. खिडकीशी बसते, तरीही. तू इतकी वर्षं हे एकटीने कसं सोसलंस?

भाऊला फोन केला. वर्कशॉपमधून तसाच तेलकट हातांनी आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आई खरं बोलत होती."

रिपोर्टमध्ये मॅडम म्हणाल्या तेच निघालंय. तुला शब्द देते, येत्या रविवारी भाऊला आणि माझ्या सईला तपासायला नेणार. सई सुईला फार घाबरते. मी तिचा हात धरून बसेन. तुझा कुणी धरला नव्हता.

तुझीच,
संगी