एक लिटर दोनशे

७ मार्च. सकाळी ९.
आजपासून ही खासगी वही. सरकारी वही फ्रिजवर आहे, पेन दोरीने बांधून. तिच्यात रोज लिहायचं: किती प्यायलो, किती बाहेर गेलं, सकाळचं वजन. हृदयाचा पंप मंदावलाय म्हणे, त्यामुळे अंगात पाणी साठतं. म्हणून दिवसाला एक लिटर दोनशे मिली, चहा-दूध-सूप सगळं धरून. मीठ नावापुरतं. सकाळी हृदयाची एक गोळी. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला डॉक्टरीणबाई पाण्याचं शिकवतात!
चोवीसला तपासणी. पायांची सूज उतरली आणि रक्त ठीक निघालं, तर विमानप्रवासाचं पत्र. सव्वीसला निघायचं. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. ही म्हणाली, तुम्हाला एकटं टाकून मी जायची नाही, तेव्हा काय ते नीट करा. करणारच. शिस्त माझ्या हाडात आहे.

८ मार्च
वजन ७४.२. बाईंनी चार पानांचं माहितीपत्रक दिलंय. पहिलं पान वाचलं. पुढचं सर्वसामान्य लोकांसाठी असावं.

१० मार्च
कडक पालन. घसा कोरडा पडला. दुपारी बर्फाचे चार खडे चघळले. बर्फ आपण चघळतो, पीत नाही. नोंद केली नाही.

१२ मार्च
वजन ७५.१. काट्यात दोष. शिवाय पायजमा जाड होता.
कलिंगड खाल्लं. ते फळात मोडतं.

१३ मार्च
तत्त्वाचा विचार केला. आमच्या खात्यात तीस टक्के गळती गृहीत धरायचे. मोठमोठे साहेब त्यावर सह्या करायचे. शरीरानेच काय घोडं मारलंय? एक लिटर दोनशेवर तीस टक्के म्हणजे तीनशे साठ मिली. एवढं नोंदीबाहेर चालावं.

१४ मार्च
वजन घेताना बेसिनला हलकासा हात टेकवला. ७३.८! उत्तम प्रगती.

१५ मार्च
हिने काटा उचलून हॉलच्या मधोमध ठेवला. ७६.३. फरशीला उतार असणार, लेव्हल लावून बघायला हवी. मोज्यांची इलॅस्टिकंही हल्ली फार घट्ट काढतात. घोट्यावर वळ उठतात.

१६ मार्च. दुपार.
वाईट झालं. ही फ्रिज उघडून उभी राहिली. बर्फाच्या ट्रेमधले नऊ कप्पे रिकामे. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण ही सरळ आत गेली, पलंगाखालची बॅग ओढली आणि स्वतःच्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली. बाळासाठी विणलेला पिवळा स्वेटर तेवढा बॅगेतच राहू दिला. मला भडभडून आलं. आजपासून बर्फ बंद, कलिंगड बंद, गळती शून्य. हे खरं लिहितोय.

१८ मार्च
पाणी मोजून. वजन ७५. ही एक शब्द जास्त बोलली.
पण जेवण घशाखाली उतरेना. घास म्हणजे नुसता ओला कागद. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. त्याने कमी सोडियमचं मीठ दिलं. पाकिटावर ठळक लिहिलंय, सोडियम कमी. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण चष्मा घरी. बाईंचं भांडण सोडियमशी. याच्यात सोडियमच कमी, म्हणजे भांडणच मिटलं. डोकं लागतं.

१९ मार्च
मीठ चष्म्याच्या घरात ठेवतो. ही पाठमोरी झाली की भाजीवर, सूपवर, टोमॅटोवर. सढळ हाताने. खासगी बाब असल्याने सरकारी वहीत नाही.

२१ मार्च
वजन ७३.१! हिने साड्या पुन्हा बॅगेत भरल्या. जेवताना गुणगुणत होती. गळती थांबवणारा अधिकारी मीच.

२३ मार्च
७२.४. मोजे सैल. पाय मात्र जरा लटपटतात. एवढं पाणी उतरल्यावर हलके वाटणारच. छातीत मधूनच एखादा ठोका चुकतो. उद्याच्या पत्राचा आनंद, दुसरं काय!

२४ मार्च. संध्याकाळी. हॉस्पिटल.
बाईंनी नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नाही. शाबास म्हणाल्या. सरकारी वही चाळून म्हणाल्या, इतकी नेटकी वही आजवर कुठल्याच पेशंटने ठेवली नव्हती. मी हिच्याकडे बघितलं. हिचा चेहरा फुलला होता.
मग रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.६. बाई खुर्चीतून उठल्याच. लगेच छातीला वायरी, हाताला सुई. सारखं विचारत होत्या, वेगळं काही खाल्लंत का? मी म्हटलं, छे. नर्सने सहीला फॉर्म आणला. हिने माझ्या खिशातून चष्म्याचं घर काढून उघडलं. सगळं मीठ चादरीवर.
बाईंनी चिमटीत घेऊन विचारलं. सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. तुमची गोळी ते आधीच अंगात धरून ठेवते. हृदय जागच्या जागी थांबलं असतं. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर चौकटीत छापलंय.

२५ मार्च
पोटॅशियम उतरतंय. पत्र नाही. हिला म्हटलं, तू तरी जा. ही म्हणाली, कुणाच्या भरवशावर?

२७ मार्च. दुपार. वॉर्ड.
विमान काल गेलं. आज लेकीचा फोन आला. हिने खिडकीपाशी जाऊन घेतला. ऐकू येत होतं. म्हणाली, अगं, माझाच गुडघा धरलाय, पाऊल टाकवत नाही. बाबा बिचारे माझ्यासाठी थांबलेत.
हिचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. लिफ्ट बंद असल्याने तीन मजले चढून डबा आणते.
ठरवलं, लेकीला खरं काय ते सांगून टाकायचं. हात पुढे करून फोन मागून घेतला. लेकीने विचारलं, बाबा, आईला फार त्रास होतोय का हो?
म्हटलं, होतोय थोडा. पण तू काळजी करू नकोस, मी आहे ना तिच्याजवळ.
फोन परत दिला. हिने तो पर्समध्ये ठेवला आणि डबा उघडायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.