बद्रीनाथमामांची गाडी नेमकी कुठून गळते

पर्वती पायथा, पुणे
रविवार, ६ ऑक्टोबर २००२

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामा यांच्या चरणी पुण्याहून तेजसचा नमस्कार. कागदावर डाग दिसला तर तो तेलाचा समजावा, भाचा रडतो आहे असं समजून मामींनी घाबरू नये. मुक्तामामींची कंबर आता कशी आहे? वाशिमला यंदा सोयाबीन बरं आलं असं आई सांगत होती, तेव्हा तुमची तब्येतही बरीच असणार. मी ठीक आहे. तुम्ही मला वापरायला दिलेली मोटारसायकलही ठीक आहे. म्हणजे चालते, थांबते, धूर सोडते आणि गळते. त्यातल्या गळण्याविषयी हे पत्र आहे. (एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. घरमालकांचा फोन दिवाणखान्यात आहे आणि त्याच्याशेजारी सुनीतीकाकू भाजी निवडत बसलेल्या असतात. का करता आला नाही ते पुढे कळेलच.)

तर माझे घरमालक दिगंबर लिमये, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि त्यांच्या पत्नी सुनीतीकाकू. मी वरच्या खोलीत राहतो. गाडी खाली पायरीशेजारी लागते आणि काकूंची रांगोळीही बरोबर तिथेच असते. गेले तीन महिने तिथे रोज सकाळी बशीएवढा तेलाचा डाग पडतो आहे. पहिल्या महिन्यात काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात माझ्या दाराशी राख आणि काथ्या ठेवून गेल्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. गणपतीच्या तोंडावर मात्र त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "तेलावर रांगोळी धरत नाही. दसऱ्याला मला फरशी कोरडी हवी. गळती बंद करा, नाहीतर गाडी दुसरीकडे लावा. आणि जिथे लावाल तिथेच खोलीही बघा, म्हणजे तुम्हाला जायला-यायला सोयीचं पडेल."

मामा, दोन वर्षांत माझ्या चार खोल्या झाल्या. एका ठिकाणी पाणी नव्हतं, एका ठिकाणी फक्त पाणीच होतं. इथे खिडकी आहे, हिंजवडीची कंपनीची बस स्वारगेटला मिळते आणि रात्रपाळी करून आलो तर काकू दुपारपर्यंत जिन्यात भांडी वाजवत नाहीत. ही खोली मला सोडायची नाही. आणि गाडी विकायची नाही असं तुम्हाला वचन दिलंय. तेव्हा गळती शोधणं एवढाच मार्ग उरला. माझा पोटापाण्याचा धंदाच दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा आहे, मग एका इंजिनातलं एक भोक मला सापडणार नाही असं कसं होईल, असा माझा समज होता.

पहिल्यांदा मी रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन इंजिन घासून लख्ख केलं (ब्रश जुना आहे असा माझा समज होता, तो माझ्या रूमवर राहायला आलेल्या मित्राचा, राजसचा निघाला) आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी डाग पुढच्या बाजूला. म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी गळतंय. पक्कं. दुसऱ्या दिवशी डाग मधोमध. म्हणजे क्लचच्या झाकणाचं पॅकिंग. हेही पक्कं. तिसऱ्या दिवशी डाग चेनच्या बाजूला आणि चौथ्या दिवशी वर्तमानपत्रच गायब (दिगंबरकाकांनी ते वाचायला नेलं होतं. डागाखालची बातमी वाचता येत नाही अशी तक्रार त्यांनी वर येऊन केली). मग मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. तारीख, डागाची जागा, लांबी, रुंदी, गाडी किती चालवली, हवा कशी होती. दोन आठवड्यांनी त्या तक्त्यावरून एकच निष्कर्ष निघत होता, की गाडी सगळीकडून गळते आणि कुठूनच गळत नाही. साहेबांनी तो तक्ता पाहिला. कोणत्या क्लायंटचा आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी वाशिमचा म्हणून सांगितलं.

शेवटी मार्केट यार्डाच्या गेटाजवळ बजरंग मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, इंजिनाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "गाडी गळत न्हाय साहेब. घाम येतोय तिला." तरी त्याने ऑइल सील बदललं, क्लचचं पॅकिंग बदललं, खालच्या बुचाला नवा वायसर घातला, आणि जाता जाता गिअरचं तेल वरून थोडं भरून दिलं. गळती वाढली. पुन्हा गेलो. पुन्हा पॅकिंग, पुन्हा वरून थोडं तेल. गळती आणखी वाढली. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडेच निरखून पाहिलं आणि कुणाची नजर लागली का विचारलं. मामा, मी इंजिनिअर माणूस, पण येताना लिंबू-मिरची घेऊन आलो आणि इंजिनाला बांधली. दुसऱ्या दिवशी तिच्या टोकावरूनही तेल ओघळत होतं.

आता इथून पुढे माझं डोकं चालेनासं झालं. मी आइस्क्रीमचा रिकामा डबा इंजिनाखाली ठेवून गळलेलं तेल मोजायला लागलो. आत मी किती घालतो ते मला माहीत होतं. मी वाशिमहून निघताना तुम्ही सांगितलंत की दर रविवारी एक झाकण तेल घालायचं, चुकवायचं नाही. मी चुकवलेलं नाही. (बुचाची मापपट्टी तुम्ही कधीकाळी मोडलीत आणि कडब्याची काडी बुडवून आत किती तेल आहे ते बघत आलात, हे मला माहीत आहे. पण पर्वतीला कडबा कुठून आणू? म्हणून मी न बघताच, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून घालत आलो.) तर आठवड्याचा एक रविवार म्हणजे एक झाकण, आणि बजरंगचं वरचं. बाहेर आलं ते याच्या कितीतरी पट जास्त. आणि इंजिन कोरडं पडलेलं नाही! म्हणजे गाडी आतल्या आत तेल तयार करत होती. मी दोन दिवस जेवलो नाही नीट.

माझ्या टीममध्ये वल्लरी म्हणून एक मुलगी आहे (आईला सांगू नका, तसं काही नाही). तिने तो तक्ता पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाली, "तू सगळं आउटपुटच मोजतोयस. इनपुट कोण देतंय ते बघ ना." मला तेव्हा तिचा राग आला. इनपुट मीच देत होतो.

पण गुरुवारी मी मामींनी दिलेल्या डब्यातली अंगाला लावायची पावडर सगळ्या इंजिनावर भुरभुरली. कोरड्या पावडरीवर तेलाची वाट उमटते असं ऐकलं होतं. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर तेलाची वाट उमटली होतीच, हवा जायला जे बारीक छिद्र असतं तिथून. पण तेल भरायच्या बुचावर आणखी काहीतरी उमटलं होतं. अंगठा. चांगला रुंद, कडेला तपकिरीचे चार कण चिकटलेला अंगठा. मी तपकीर ओढत नाही.

शनिवारी सकाळी सहाला मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो. काकू आत देवपूजेला बसल्या होत्या. दिगंबरकाका लेंगा वर खोचून, चपला हातात घेऊन बाहेर आले, झाडांच्या औषधांच्या फळीमागून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, गाडीचं बूच उघडलं आणि बाटलीतलं झाकणभर तेल आत ओतलं. मग टाकीवर हात फिरवत गाडीला म्हणाले, "घे. पोरगा आहे तो, त्याला काय कळतंय."

मामा, रोज. तीन महिने रोज एक झाकण. सकाळी डाग दिसला की काकांना वाटायचं सगळं तेल वाहून गेलं, इंजिन जळेल, म्हणून ते भरायचे. ते भरायचे म्हणून गळायचं. गळतं म्हणून मी भरायचो आणि बजरंगही भरायचा. काकांकडे हुबेहूब अशीच गाडी होती, सव्वीस वर्षं. चार वर्षांपूर्वी कात्रजहून येताना ते पडले, पाय प्लॅस्टरमध्ये असताना काकूंनी गाडी विकून टाकली आणि दुचाकीला हात लावायचा नाही अशी शपथ घातली. हे मला त्यांच्या मोलकरणीने, गोदाबाईंनी सांगितलं. काकूंना खरं सांगितलं तर माझी खोली वाचते आणि काका पकडले जातात. नाही सांगितलं तर दसऱ्याला, म्हणजे नऊ दिवसांनी मी रस्त्यावर. काकांनाच आडून सुचवून पाहिलं की गाडीत तेल जास्त झालंय असं वाटतं. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं. इंजिनाला विचारलंत का?"

मला काहीच सुचत नाही. मोठ्यांना नमस्कार, घरातल्या लहानग्यांना आशीर्वाद.

आपला भाचा,
तेजस

ता.क. खरी विनंती अशी. काकांना तुम्हीच पत्र लिहा, गाडीचे मालक या नात्याने. तेल महिन्यातून एकदाच आणि फक्त दिगंबररावांनीच घालावं, तेजसला त्यातलं कळत नाही, असं लिहा. म्हणजे त्यांचा मानही राहील. पोस्टकार्ड नको, काकू वाचतात. आणि "तेल" हा शब्द पाकिटावर कुठेही नको.

दुसरा ता.क. वरचं लिहून झाल्यावर मी खाली जाऊन जास्तीचं तेल काढून टाकलं आणि फरशी घासली. ठणठणीत कोरडी. थोड्या वेळाने काका आले, फरशीवर बोट फिरवून पाहिलं आणि कुणी आजारी असल्यासारखं हळूच विचारलं, "आज नाही गळली?" मामा, त्यांचं तोंड बघून मला फार वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. मी काही विचार न करता किल्ली त्यांच्या हातात दिली. फक्त कोपऱ्यापर्यंत, असं ते म्हणाले. त्याला आता पाऊण तास झाला.

तिसरा ता.क. पत्र लिहिण्याची घाई नाही, त्यापेक्षा मिळेल त्या गाडीने तुम्हीच या. आत्ता काकू बहिणीकडून परतून थेट वर आल्या, अजून इथेच आहेत. कोरडी फरशी पाहून गाडी मिस्त्रीकडे नेलीत वाटतं म्हणाल्या. मी मान डोलावली. मग दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांचे लेंगे मी धुते हो. तेल कोण घालतं ते मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. घालू देत, तेवढाच जीव रमतो त्यांचा. खोलीचं तुम्हाला म्हटलं ते त्यांच्या कानावर जावं म्हणून, तरी थांबले नाहीत. राहा तुम्ही खुशाल. फक्त किल्ली तेवढी त्यांच्या हातात देऊ नका." मी पुन्हा मान डोलावली. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी येते आहे, आवाज तुमच्याच गाडीचा आहे. काकूंनी मान गल्लीकडे वळवली आहे. त्यांनीही तो आवाज सव्वीस वर्षं ऐकलेला आहे.