बुडाशी उरलेलं औषध

बाबा, आज सकाळी रेडिओवर सांगत होते की उद्यापासून कडाक्याची थंडी पडणार, आणि मला सगळ्यात आधी तुमची माकडटोपी आठवली. तपकिरी, हनुवटीखाली बटण असलेली. विमानतळावरून तुम्ही ती घालूनच बाहेर आलात, तेही ऑक्टोबरात, आजूबाजूला लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असताना. मी हात हलवतेय, हाका मारतेय, आणि तुम्ही दारात उभ्या असलेल्या एका ट्रकचं इंजिन कान देऊन ऐकताय. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बेटा, याचा एक इंजेक्टर गेला हाये." इतक्या वर्षांनी भेटलेल्या मुलीशी तुमचं हे पहिलं वाक्य. मी इतकी हसले की शेवटी रडूच आलं, आणि तुम्हाला वाटलं, पोरीला इथे फारच त्रास दिसतोय.

आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही नागपूरच्या बसडेपोतून रिटायर झाला होतात आणि दोन खोल्यांत एकटे राहून रोज नुसता वरणभात खात होतात, असं शेजारच्या काकूंनी मला कळवलं होतं. म्हणून ग्रीन कार्डाची सगळी खटपट करून मी तुम्हाला बोलावून घेतलं, ते कायमचं, असं माझ्या मनात होतं. तुमच्या मनात तसं काही नव्हतं. परतीचं तिकीट बॅगेच्या वरच्या कप्प्यात तयार ठेवलेलं, आणि माझ्या ओहायोतल्या डब्लिनच्या अपार्टमेंटमध्ये तुम्ही सोफ्याच्या अगदी कडेवर बसायचात, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसावं तसे. आठवड्याभरातच तुम्ही मला सांगून टाकलंत, "मले बसून खाता येत नाही. काम भेटलं तर राहीन. नाही तर जानेवारीत मी आपला नागपूरले." तुम्ही एकदा बोललात की बोललात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दोन खोल्या, तो वरणभात, आणि कुणाशी एक शब्द न बोलता गेलेली तुमची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी तेव्हा कोलंबसबाहेर दूध वाहून नेणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचर होते. केबिनमध्ये रेडिओसमोर बसून कुठला ट्रक कुठे पोचला ते बघायचं, हे माझं काम. दर हिवाळ्यात आमच्या मालकांच्या डोक्याला एकच ताप असायचा. डिझेलमध्ये थोडं मेण असतं. एरवी ते कळतही नाही, पण कडक थंडीत खोबरेल तेलासारखं थिजतं, फिल्टर बुजवतं आणि ट्रक जागच्या जागी उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून अँटीजेल मिळतं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. ते थंडी पडण्याआधी टाकीत ओतायचं आणि त्यावर डिझेल भरायचं, म्हणजे नीट मिसळतं. एकदा डिझेल थिजलं की मग कितीही ओता, काही होत नाही. आमचे ड्रायव्हर घाईतले, कुणी विसरायचा, कुणी नुसतं "हो, टाकलं" म्हणायचा. मी मालकांना म्हटलं, या कामावर माझ्या वडिलांना ठेवा, त्यांचा जन्म डिझेलच्या गाड्यांत गेलाय. मालक उंच, लाल चेहऱ्याचे, बोलताना खिशातल्या किल्ल्या वाजवणारे. त्यांनी विचारलं, "त्यांनी बर्फ कधी पाहिलाय?" मी म्हटलं, "फ्रीजमध्ये." किल्ल्या वाजायच्या थांबल्या आणि ते हसले. म्हणाले, "पहिली कडक थंडी निघू दे. ट्रक चालले तर पुढे ठेवतो. नाही चालले तर सॉरी."

तुम्ही कामाला लागलात आणि घराचा नूरच पालटला. मी डोळे चोळत स्वयंपाकघरात येते तर तुम्ही तव्यावर पोळी टाकताय, अंगात माझा जुना गुलाबी स्वेटर, त्यावर कंपनीचं जॅकेट, डोक्यावर टोपी. "चल, उठ लवकर. गाड्यायले औषध पाजाचं हाये." अँटीजेलला तुम्ही पहिल्या दिवसापासून औषधच म्हणालात. सुरुवातीला ड्रायव्हर तुमच्या टोपीला हसायचे. मग एकाने तुमच्या डब्यातला ठेचा चाखला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिघेजण आपापले सँडविच घेऊन तुमच्याभोवती उभे. रांगेतला शेवटचा ट्रक सगळ्यात जुना होता, हिरवा रंग उडालेला. त्याला तुम्ही म्हातारी म्हणायचात आणि टाकी भरून झाली की तिच्या बॉनेटवर थाप मारायचात. रविवारी बुद्धवंदनेला जायचो, तिथेही बेसमेंटमध्ये चहा पिताना सगळ्या काका-मावशींना म्हातारीची तब्येत कशी आहे ते ऐकावं लागायचं.

आणि त्याच दिवसांत तुम्ही मला त्या शाम्पूच्या बाटलीवरून झापलंत, आठवतं? मी ती कचऱ्यात टाकली होती. तुम्ही ती बाहेर काढली, उजेडात धरली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "हे बुडाशी उरलं ते काय तुह्या मालकाच्या बापाचं हाये?" मी म्हटलं, "बाबा, प्लीज यार, इथे कोणी एवढं करत नाही. फेकून देतात." तुम्ही म्हणालात, "इथे कोणी करत नाही म्हणून आपण नाही कराचं?" मग बाटलीत पाणी घातलंत, बूच लावलंत, खळखळ हलवलंत आणि तो फेसाळ ऐवज माझ्या हातात दिलात. आपल्या घरात प्रत्येक गोष्ट अशीच संपायची. दह्याचं भांडं विसळून ते पाणी कढीत, लोणच्याच्या बरणीत भात कालवून तो ताटात, आणि दुधाच्या पातेल्याची खरवड मात्र चमच्याने काढून फक्त मला. मी चिडले होते खरी, पण तो शाम्पू पुढे चार वेळा पुरला.

मग ती थंडी आली. सकाळी यार्डात श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत होते. मी केबिनच्या काचेतून बघतेय. पहिला ट्रक सुरू झाला. दुसरा. तिसरा जरा कुरकुरला आणि सुरू झाला. तुम्ही प्रत्येकापाशी उभे, दोन्ही हात काखेत, आणि इंजिनाने आवाज धरला की मान हलवताय. म्हातारीसुद्धा सुरू झाली. ओळीने सगळे फाटकाबाहेर पडले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून टोपी काढलीत आणि लगेच परत घातलीत. मला वाटलं, जिंकलो. मी कॉफी ओतून घेतली, आणि तेवढ्यात रेडिओवर म्हातारीच्या ड्रायव्हरचा आवाज आला. हायवेच्या कडेला आहे, ती मेली, दूध भरलेलं आहे, काय करू.

मालक पिकअप घेऊन निघाले. तुम्ही न विचारताच मागच्या सीटवर चढलात, आणि दुभाषी पाहिजे म्हणून मी रेडिओ दुसऱ्याच्या हवाली करून पुढे बसले. वाटेत मी मनातल्या मनात जानेवारीपर्यंतचे दिवस मोजत होते. तिथे पोचल्यावर मालक म्हणाले, "औषध कमी पडलं." तेही एव्हाना औषधच म्हणायला लागले होते. तुम्ही हातमोजा दातांनी ओढून काढलात, फिल्टर सोडवलात आणि आत बोट घातलंत. बोटावर पिवळट मेण यायला हवं होतं. आले स्वच्छ, काचेसारखे कण. तुम्ही ते तळहातावर घेतलेत, ते तिथेच विरघळले. "मेण नाही," तुम्ही म्हणालात. "पाणी हाये." मालकांना तेवढं कळलं, कारण पाणी दिसतच होतं. टाकीत पाणी आलं कुठून, म्हणून त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग पंपवाल्याला शिव्या घातल्या. मी मात्र तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा हळूहळू बदलला, आणि तुम्ही मराठीत, अगदी हलक्या आवाजात मला म्हणालात, "बाटल्या विसळल्या ना मी. बुडाशी राहते थोडं. ते सगळं म्हातारीले देत होतो."

मला शाम्पू दिसला. रोजच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या, नळाचं पाणी, खळखळ, आणि ती खरवड रोज लाडक्या म्हातारीच्या टाकीत. नागपुरात जे कधी गोठलं नसतं ते पाणी तळाशी साठत गेलं आणि आज गोठलं. औषध पुरेपूर होतं, घात केला तो विसळण्याने. मालक माझ्याकडे बघत होते, काय म्हणतात ते सांग म्हणून. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तुम्हीच एक पाऊल पुढे झालात. "सर. आय वॉश बॉटल. विथ वॉटर. ऑल वॉटर, दिस ट्रक."

मालकांनी विचारलं, "कशासाठी?" तुम्ही बोट आणि अंगठ्यामध्ये इवलीशी जागा धरून दाखवलीत. "लिटल मेडिसिन, बॉटम. नो वेस्ट." आणि मग, जणू पुढचं सगळं ठरलेलंच आहे अशा आवाजात म्हणालात, "टुमारो, आय वॉश विथ डिझेल."

बाबा, त्या 'टुमारो'वर माझा जीव टांगलेला होता. मालकांनी तो फिल्टर हातात घेऊन उलटा करून पाहिला. मग त्यांच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या. ते म्हणाले, त्यांची आई केचपच्या बाटलीत पाणी घालून हलवायची आणि ते सूपमध्ये ओतायची, मुलांनी कितीही नाकं मुरडली तरी. "फक्त तिला कुणी ट्रकजवळ येऊ दिलं नव्हतं." आणि ते हसायला लागले, ड्रायव्हर हसायला लागला, आणि तुम्ही, विनोद कळो न कळो, सगळ्यांत मोठ्याने हसलात. दूध दुसऱ्या ट्रकमधून वेळेत गेलं. म्हातारीला गरम शेडमध्ये ओढून नेलं, तिच्या टाकीतलं सगळं काढलं, नवा फिल्टर घातला. निघताना मालक तुम्हाला म्हणाले, "टुमारो, मग. पाच वाजता." घरी आल्यावर तुम्ही सोफ्यावर बसलात, आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसलात. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि पदर नव्हता म्हणून ओव्हनच्या नॅपकिनने डोळे पुसले. जानेवारी आला आणि गेला. तिकिटाचा विषय तुम्ही परत काढला नाहीत, आणि तुमच्या आयुष्याचे उरलेले सगळे हिवाळे माझे झाले.

आता ते यार्ड मी चालवते. यंदाचा हिवाळा शेवटचा, मग मीही रिटायर. नव्या ड्रायव्हरला मी पहिल्याच दिवशी दाखवते, बाटली रिकामी झाली की तिच्यात थोडं डिझेल घ्यायचं, हलवायचं, ओतायचं. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. माझी मुलगी म्हणते, "आई, धिस इज सो यू." मी म्हणते, "नो, धिस इज आजोबा," आणि ती डोळे फिरवते.

एक गोष्ट मात्र मी त्या पोरांनाही सांगितलेली नाही. आता पंपवाले थंडीसाठीचं डिझेल आधीच मिसळून देतात. आमच्या रोजच्या फेऱ्यांना वरून औषध लागतच नाही. तरी दर थंडीत मी स्वतःच्या पैशांनी एक बाटली विकत आणते, शेवटच्या ट्रकच्या टाकीत ओततेही, पण खरं म्हणजे ती मी विसळण्यासाठी आणते. बुडाशी जरासं उरतं, त्यात डिझेल घालून मी ती खळखळ हलवते, आणि तेवढा वेळ तुम्ही माझ्या शेजारी काखेत हात घालून उभे असता. उद्यासाठीची बाटली आजच गाडीत आणून ठेवलीय. गरज नसताना पैसे घालून बाटली आणते हे कळलं तर तुम्ही मला शाम्पूपेक्षा जास्त झापाल, म्हणून हे पत्र तुम्हाला दाखवायचं नाही.