लंडनचा पैसा आला नाही

देवाच्या नावे. आविन्यों, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस.

प्रिय दियानोरा, तुझ्या गिनोचा जीव तुझ्यापाशीच आहे, हे आधी सांगतो.

मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण ते म्हातारपणाचं भाडं. तुझा खोकला कसा आहे? मध घेतेस ना?

एक गोष्ट लोकांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. इंग्लंडातल्या चर्चवाल्यांनी पोपमहाराजांसाठी दिलेला पैसा आमच्या पेढीच्या लंडनच्या भागीदाराने घेतला. तेवढाच पैसा मी इथे पोपमहाराजांच्या खजिन्यात भरायचा, असा करार. भागीदार पैशासकट पळाला. मी पैसे मिळाल्याची त्याची पत्रं दाखवली, तर खजिन्यातला कारकून म्हणाला, "काका, पोपमहाराजांनी काय आता कागद चघळायचे?" सगळे हसले. मीही हसलो.

रविवारपर्यंत मुदत आहे. पैसे नाही भरले तर मला धर्माबाहेर काढतील. मग आपल्या लुक्कातही पाद्रीबाबा माझं नाव वाचून मेणबत्ती जमिनीवर आपटून विझवतील. तेव्हा उठून जाऊ नकोस. बायका वळून बघतील, बघू देत.

अशा माणसाच्या पंगतीला बसणाऱ्यालाही पाप लागतं. बायकोला त्यात सूट असते, असं इथले वकील सांगतात. पण आपली गल्ली वकिलांचं ऐकते थोडीच!

म्हणून मी आलो, तर माझं ताट पायरीवर ठेव. मी बाहेर जेवीन, तू आत जेव. दार तेवढं उघडं ठेव.

तुझाच,
गिनो