रानरेडा तिसऱ्याच दिवशी पडला

तमांडाच्या आईला,

लुआंग्वाकाठच्या कॅम्पातून तुझ्या घरधन्याचा नमस्कार. मी धडधाकट आहे. दोन्ही वेळा न्शिमा पोटभर मिळते, काळजी करू नकोस.

तुझ्या आईचं दुखणं डोक्यात होतं, म्हणून मी जीव तोडून माग काढला. दहा दिवसांची शिकार, पण रानरेडा तिसऱ्याच दिवशी पडला. वाटलं, सुटलो. तर गोरा पाहुणा म्हणतो, “उरलेले सात दिवस मला माग काढायला शिकव!” मालक म्हणाले, “पाहुणा आहे तोवर तू हलायचं नाहीस, झाकेयो.” माझी हुशारी मलाच नडली बघ.

आता रोज सकाळी मी पुढे जाऊन लपतो आणि तो माझी पावलं हुडकत येतो. पहिल्या दिवशी पठ्ठ्या स्वतःच्याच पावलांमागे फिरला! आईचा ताप उतरला का? तमांडा शेळ्या नीट बांधते ना?

काल मी लपलोच नाही. सरळ गावाची वाट धरली. नदीच्या उतारापर्यंत पोचलो, तोच मागून टाळ्या! “सापडलास!” म्हणाला आणि आनंदाने मिठीच मारली. चांगलं शिकवलंय मी त्याला.

शिकारी परत येईस्तोवर बायकोने घर सोडायचं नाही, हा आपला नेम तू पाळत बसली असशील. बसू नकोस. नेम शिकार साधावी म्हणून असतो; जनावर कधीच पडलंय, नेम संपला. थोरले काका नेमावरून अडवतील, त्यांना हे पत्र दाखव आणि आजच आईकडे जा. आपल्यातलं एक माणूस तरी सुटू दे.

तुझाच,
झाकेयो