गाळलेला ळ

९ फेब्रुवारी
सुशांतचा फोन. आवाज इतका पडलेला की वाटलं त्याच्या घरी कुणी गेलं.

वर्गात तमाशा झाला. अकरावीच्या मुलांनी मेलवर निबंध पाठवले होते, ते त्याने नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरकडून वाचून घेऊन तपासले. त्याला दिसत नाही आणि तो मराठी शिकवतो, याचं अंधेरीच्या त्या कॉलेजात आता कुणाला नवलही वाटत नाही.

"सगळ्यांनी ळ च्या जागी ल लिहिलेला ऐकू येत होता गं. होली, केली, मासली. मला वाटलं, मोबाइलवर हिंदीतून टाइप करतायत." मार्क कापले, वर्गात झापलं. तर खारदांड्याची एक मुलगी उठली. "सर, मी मासळीच लिहिलंय. माझी आई मासळी विकते. मला मासळी लिहिता येणार नाही?"

शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून निबंध वाचून घेतले. सगळ्यांचा ळ जागच्या जागी.

"माझे डोळे म्हणजे तो आवाज, उज्ज्वला. आता कुठला शब्द खरा धरू?"

विचारलं, सिस्टिम अपडेट केलीस? हो म्हणाला. नव्या आवृत्तीची चाचणी प्रत. ह्याला नवीन काही आलं की सगळ्यांच्या आधी हवं असतं.

१० फेब्रु.
सापडलं. चहा टाकला होता तो उतू गेला, वाचतच राहिले.

आम्ही दोघं वापरतो ती सिस्टिम फुकट मिळते, जगभरातले स्वयंसेवक चालवतात. यंदा त्यांनी नवा कंपायलर घेतलाय, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवणारं यंत्र. आता सिस्टिममधले सगळे सुटे प्रोग्राम, ही जुनी पॅकेजेस, त्यावर परत बांधायची. जे बांधलं जात नाही ते बाहेर. वाचून दाखवणाऱ्या पॅकेजमधला मराठीचा भाग बांधला जाईना, म्हणून ब्रूनो नावाच्या कुणीतरी तो काढूनच टाकला. शेजारी इंग्रजीत टीप: मराठी काढली. देखभाल करणारा उत्तर देत नाही. वापरणारे बहुधा थोडे. हिंदीचे नियम पुरेसे.

बहुधा थोडे!! मोजले कुणी? पुरेसे कुणाला?

आणि उत्तर कोण देणार? मराठीचा भाग लिमये सरांनी लिहिला. सुशांत आणि मी शिकलो त्या कॉलेजचे सर. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. मेल त्यांच्या पत्त्यावर जात होत्या.

११ फेब्रु.
ऑफिसात जेवताना सांगितलं. मेहुल : "पण हिंदी समजतं ना त्याला?"
समजतं रे! गुजरातीही समजतं त्याला, बोरीवलीत राहतो. उद्या तुझी गुजराती काढून हिंदी लावली तर चालेल?
"चिडतेस काय एवढी."
डबा तसाच बंद केला. पोळ्या घरी आल्यावर खाल्ल्या, थंड.

१२ फेब्रु.
सु.ने वर्गात सगळ्यांची माफी मागितली. मार्क परत दिले. ती मुलगी म्हणाली, "जाऊ दे सर." तेच त्याला जास्त लागलंय. आता निबंध त्याची बायको वाचून दाखवते. ती बँकेतून दमून येते, तिचंही डोकं फिरतं. काल दोघांचं वाजलं.

ब्रूनोला लिहिलं. पहिला मसुदा नितीनला वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "पाठवू नकोस, शिव्या आहेत." दोन वाक्यं काढली. बाकी तसंच पाठवलं.

१४ फेब्रु.
ब्रूनोचं उत्तर. चिडलेला नाही. स्वतःची नोकरी सांभाळून अशी शेकडो पॅकेजेस एकटा बघतो म्हणे. स्वयंसेवकांच्या मेल-यादीवर विचारलं होतं, मराठी कुणी तपासून देईल का. कुणीच बोललं नाही. 'दुरुस्त करून पाठवलंत तर आनंदाने घेईन.'

यादी मी उघडतच नव्हते, हे खरं. पण म्हणून काढून टाकायचं? थोडी कीव आली त्याची. संताप गेला नाही.

१५ फेब्रु., रविवार
सरांचा कोड उघडला. टिपा मराठीत. 'इथे चमच्याचा च, चिमट्याचा नव्हे.' एकटीच हसले, मग जरा वेळ काही वाचता येईना.

भानगड अशी : सरांनी फंक्शन जाहीर करताना कंस रिकामे ठेवलेत. जुन्या सी भाषेत त्याचा अर्थ, आत काय द्यायचं ते मागाहून बघू. नवा कंपायलर म्हणतो, रिकामा म्हणजे काहीच द्यायचं नाही. त्यामुळे पानंच्या पानं एरर. एकेक कंस भरत बसायचं. अवघड काहीच नाही. कुणाही धड प्रोग्रामरचं काम. केलं नाही इतकंच.

भाजी आणायची राहिली. नितीनने खिचडी लावली.

१९ फेब्रु.
बांधलं गेलं! पण बोलतंय नीट का, ते माझ्या कानांना कळणार नाही. सु.ला रविवारी बोलावलंय.

२२ फेब्रु., रविवार
सु. बोरीवलीहून बसने आला, मुलुंडपर्यंत ट्रॅफिकला शिव्या घालत. डायनिंग टेबलाशी बसला, डोकं खाली, बोटं टेबलावर. मी शब्द देत होते, मशीन बोलत होतं. बाळ. केळी. चमचा. चिमटा. ओके. ओके.

'दऱ्या' ला थांबला. "परत लाव."
मला ठीक वाटलं. "नाही गं. हा समुद्र झाला. मला डोंगरातल्या हव्यात."
दर्या, दऱ्या. चारदा लावलं तेव्हा कुठे मला ऐकू आलं. शोधलं तर सरांच्या उच्चारांच्या तक्त्यात शेवटची ओळ मोजायची राहिलेली. जुना कंपायलर पुढच्या जागेतलं उचलायचा आणि नशिबाने बरोबर यायचं. आता नाही येत.

ते बदलल्यावर सु.ने मुलांचे निबंध लावले. एक पूर्ण ऐकला. मग बायकोला फोन केला. "आजपासून तू सुटलीस."

२४ फेब्रु.
पाठवलं.

२६ फेब्रु.
ब्रूनो म्हणतो, काम चांगलंय, पण नव्या आवृत्तीत आता काही घेणं बंद झालंय. अपवाद हवा तर समितीला अर्ज. त्यात विचारलंय : वापरणाऱ्यांची अंदाजे संख्या. आणि इथून पुढे जबाबदार कोण.

काढताना संख्या लागली नाही. 'बहुधा' चाललं. परत घालायला पुरावा द्या! लिहिलं : 'संख्या माहीत नाही, तुम्हालाही नाही.' नितीन म्हणाला, उद्धट वाटतं. वाटू दे.

जबाबदार कोण, ते रिकामं ठेवलंय. दर वर्षी नवा कंपायलर येणार. आईची तब्येत, नोकरी, घर, आणि हे पण मीच? मला नाही म्हणायचा हक्क नाही का?

सु. म्हणाला, "नाही म्हण खुशाल. माझ्या मशीनवर तर तू घातलंयस."
तोही खरंच बोलत होता. त्याचाच जास्त राग आला. म्हणजे तुझं झालं, मिटलं?
"मिटलं कसं? पण मी तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

३ मार्च
अनोळखी मेल, साताऱ्याच्या एका मुलीची. 'वडिलांना दिसत नाही. रोज ज्ञानेश्वरी कॉम्प्युटरवर ऐकतात. अपडेटनंतर आवाज वेगळाच बोलतो, म्हणून ऐकणं सोडलं. कुणाला विचारावं कळेना. मेल-यादीत मराठीच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव दिसलं.'

म्हणजे तेही चाचणी प्रतीवर. कुणीतरी हौसेने घालून दिली असणार.

माझ्याकडची दुरुस्त प्रत पाठवली, कशी घालायची ते पायरीपायरीने लिहून. त्या मुलीला जमेल का देव जाणे. अजून अशी किती घरं गप्प बसली असतील?

अर्जात माझं नाव टाकलं. पाठवला. कुणावर उपकार म्हणून नाही. डोकं इतकं तापलं होतं की बोटं थांबली नाहीत.

७ मार्च
समितीचं उत्तर नाही. नवी आवृत्ती सोमवारी बाहेर पडतेय. ब्रूनोला विचारलं, तो म्हणतो त्यांच्यात एकमत होत नाहीये. दोघं बाजूने, एक विरोधात, एक सुट्टीवर.

सुट्टीवर!

साताऱ्याहूनही काही कळलेलं नाही. तिच्या मेलखाली नंबर आहे, आता फोनच लावते.